नांव खरें कीं जात खरी?

गेल्या दिवाळीच्या आधींची गोष्ट. फराळाच्या तयारीसाठीं आमच्या घरीं सुक्या मेव्याचे डबे कपाटांतून खालीं उतरले होते आणि बदाम, काजू, पिस्ते, अक्रोड, चारोळी, गोडंबी अशी ती सारी मंडळी परातींत पसरून निवडण्याचें काम चाललें होतें. वनस्पतिशास्त्राचा अभ्यास करणारा आमचा एक भाचा त्या वेळीं जवळच बसला होता. त्यानें परातीकडे पाहून मोठ्या गंभीरपणें सांगितलें, "मामा, या परातींत एकहि नट नाहीं." आम्हांस प्रथम वाटलें, हा नाटकाविषयीं बोलतो आहे, कारण आमच्या कानांस नट म्हणजे तोंडाला रंग लावून रंगभूमीवर उभा राहणारा. परंतु त्याचा रोख इंग्रजी शब्दावर होता. शास्त्राच्या मतें बदाम हा नट नव्हे, काजू नव्हे, पिस्ता नव्हे, शेंगदाणा तर मुळींच नव्हे, आणि अक्रोडाविषयीं पंडितांत मतभेद आहेत. एवढें बोलून त्यानें त्या नट नसलेल्या वस्तूंपैकीं एक मूठ उचलली व तोंडांत टाकली.

त्या वेळीं आम्ही हंसलों. पण मागाहून विचार करूं लागलों तों प्रश्न वाटला तितका हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं असें दिसूं लागलें. तज्ज्ञ मनुष्य जेव्हां म्हणतो कीं, तुम्ही ज्याला अमुक म्हणतां तें अमुक नव्हेच, तेव्हां तो आम्हांस नेमकें काय सांगत असतो? वस्तूविषयीं कांहीं नवें सांगतो, कीं केवळ शब्दाविषयीं? आणि त्याचें ऐकून आम्हीं आपलें बोलणें बदलावें कीं नाहीं? त्याच दिवाळींत आमच्या घरीं असा एक प्रसंग घडला कीं, या प्रश्नाचें उत्तर शोधणें आम्हांस भाग पडलें. तो प्रसंग यथावकाश सांगूं. आधीं शास्त्राचें म्हणणें नीट ऐकून घेतलें पाहिजे.

फूल फलित झाल्यावर त्याच्या अंडाशयाचें जें बनतें तें फळ, आणि त्या अंडाशयाच्या आंतील बीजकाचें जें बनतें तें बी. आंबा घेतला तर साल, रस आणि कोयीचें कठीण कवच मिळून फळ झालें. कवचाच्या आंत दडलेलें तें बी. 'नट' हें शास्त्रज्ञांच्या दृष्टीनें फळाच्या एका विशिष्ट प्रकाराचें नांव असून मराठी परिभाषेंत त्यासाठीं 'कपाली' असा शब्द योजिला आहे. ज्या फळाची भिंत पक्व होतांना वाळून लांकडासारखी टणक होते, जें आपोआप उकलत नाहीं, आणि ज्यांत बहुधा एकच बी असतें, तें कपाली. ओकचें फळ, हेझेल, चेस्टनट हीं त्याचीं सरळ उदाहरणें होत. हीं झाडें प्रायः थंड प्रदेशांतलीं. ओक आपल्याकडे हिमालयांत आहेत, सह्याद्रींत नाहींत. तेव्हां आमच्या परातींत खरी कपाली निघाली नाहीं यांत परातीचा कांहीं दोष नव्हता.

बदामाची हकीकत अधिक मौजेची आहे. बदाम व पीच हीं इतकीं निकटचीं भावंडें कीं, लिनीअसनें १७५३ मध्यें दोहोंना एकाच प्रजातींत बसविलें. आणि आजचे शास्त्रज्ञहि दोन्ही 'प्रूनस' या एकाच प्रजातींत घालतात. जर्दाळू, आलुबुखार व चेरीहि त्यांतच. या सर्वांचें फळ आंब्याच्या धर्तीचें: वर साल, मधें गर, आंत दगडासारखी आठळी आणि आठळींत बी. यास अश्मगर्भी फळ म्हणतात. भेद इतकाच कीं, पीचचा गर खाऊन आम्ही आठळी फेंकून देतों, आणि बदामाचा चिवट, बेचव गर वाळून फाटला कीं तो फेंकून देऊन आठळींतलें बी खातों. जर्दाळू खाऊन झाल्यावर त्याची आठळी उंबऱ्यावर ठेवून वरवंट्यानें फोडणाऱ्या आणि आंतला 'बदाम' मिळविणाऱ्या मुलांना हें नातें कोणी शिकविलें नव्हतें. त्यांना तें जिभेनें कळलें होतें. एखादा कडू निघाला तर थुंकून टाकावा, हेंहि जीभच शिकवी. आणि तें योग्यच होतें, कारण त्या कडूपणाच्या मुळाशीं असलेल्या द्रव्यापासून पोटांत सायनाइड तयार होतें.

काजूच्या बाबतींत तर आमच्या बोलण्यांत सगळाच उलटा बाजार आहे. हें झाड पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलकडून आपल्या किनाऱ्यावर आणिलें आणि तिकडील तुपी लोकांच्या भाषेंतलें त्याचें नांवहि त्याच्याबरोबर आलें. कोंकणांत व गोव्यांत तें आतां इतकें रुजलें आहे कीं, त्याला परकें म्हणण्यास जीभ रेटत नाहीं. ज्याला आम्ही काजूचें फळ समजतों तें लाल-पिवळें रसाळ बोंड हें फळ नव्हे. तो फुगलेला देठ. खरें फळ म्हणजे बोंडाच्या टोंकाशीं लोंबणारी बांकदार काजूबी, आणि जो गर आम्ही खातों तें त्या फळाच्या आंतलें बी. म्हणजे देठाला फळ म्हणावयाचें आणि फळाला बी! हेंहि अश्मगर्भी फळाचेंच एक रूप आहे. त्याच्या कवचांत तिखट तेलकट चीक असतो. तो कातडीला लागला कीं भाजल्यासारखे फोड येतात. काजू सोलणाऱ्या बायकांचीं काळवंडलेलीं बोटें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना हें वेगळें सांगणें नको.

हा चीक वाचून अनेकांस बिब्बा आठवला असेल, आणि तें आठवणें शास्त्रशुद्ध आहे. धोबी ज्यानें कपड्यांवर खुणा करीत तो बिब्बा आणि काजू हे एकाच कुळांतले. बिब्ब्याच्या त्या जाळणाऱ्या कवचाच्या आंतून निघणारी गोडंबी आमच्या घरीं थंडीच्या दिवसांत डिंकाच्या लाडवांत पडते. चारोळीहि त्याच कुळांतली, पिस्ताहि त्याच कुळांतला, आणि या सर्वांचा यजमान कोण म्हणाल तर आंबा. कुळाला नांवच मुळीं आम्रकुल आहे. हें कुळ वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्यानेंच आमच्या दिवाळींत बिब्बा घातला.

बाकीच्यांचा परामर्श थोडक्यांत घेऊं. अक्रोडाचें हिरवें साल अंडाशयापासून कितपत बनतें व भोंवतालच्या पर्णिकांपासून कितपत बनतें, याविषयीं वाद असल्यामुळें त्याला कोणी अश्मगर्भी म्हणतात, कोणी कपाली, आणि कोणी दोहोंची सांगड घालून मोकळे होतात. चिलगोजा हा देवदाराच्या जवळच्या एका वृक्षाचें उघडें बी आहे. त्या झाडांना फुलें येत नाहींत, म्हणून शास्त्रीय अर्थानें फळहि येत नाहीं. नारळ हें तंतुमय सालीचें अश्मगर्भी फळ. आणि शेंगदाणा ही तर उघडउघड शेंग. येथें मात्र आमच्या भाषेचें कौतुक केल्यावांचून राहवत नाहीं. इंग्रजांनीं या परदेशी दाण्याच्या नांवाला 'नट' हा शब्द जोडला. आमच्या शेतकऱ्यांनीं त्याला भुईमूग म्हटलें. दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या या झाडाचें पान, फूल व शेंग पाहून त्यांनीं एका दृष्टिक्षेपांत त्याला मुगाच्या पंक्तीला बसविलें, आणि वनस्पतिशास्त्रहि त्याला तेथेंच बसवितें.

असें हें फळांचें शास्त्र हवेंत उभें राहिलेलें नाहीं. जोसेफ गेर्टनर या जर्मन पंडितानें १७८८ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हजारांहून अधिक वनस्पतींचीं फळें व बिया चिरून, पाहून, चितारून वर्णिल्या आणि त्या श्रमापायीं आपले डोळे अधू करून घेतले. अशा माणसाच्या परंपरेला 'कसले हे शब्दांचे खेळ' म्हणून धुडकावणें आम्हांस शोभत नाहीं.

तरीहि भाच्याचें वाक्य आम्ही जसेंच्या तसें स्वीकारीत नाहीं. 'नट' हा शब्द वनस्पतिशास्त्राहून फार जुना आहे. रोमन लोक अक्रोडाला 'नुक्स' म्हणत, बदामालाहि 'ग्रीक नुक्स' म्हणत. त्यांच्या मनांत अंडाशयाची भिंत नव्हती; कवच फोडून आंतला स्निग्ध गर खावयाचा, एवढेंच होतें. शास्त्रज्ञांनीं लोकांचा हा शब्द उसना नेला, आपल्या कामापुरता तासून अरुंद केला, आणि मग मूळ मालकाच्या दारीं येऊन 'तुमचा शब्द चुकला' असें सांगितलें. शेजारणीनें आमचें पातेलें नेऊन त्याला कल्हई करून घ्यावी, आणि पुढें आमच्या ओट्यावरचें दुसरें पातेलें पाहून 'हें पातेलेंच नव्हे, याला कल्हई कोठें आहे?' असें विचारावें, तसाच हा प्रकार.

या गुंत्यांतून सुटण्यास आम्हांस आमच्याकडील नैयायिकांचा मोठा उपयोग झाला. त्यांनीं सामान्य धर्मांचे दोन प्रकार केले आहेत: जाति आणि उपाधि. गोत्व ही जाति. तें गाईच्या ठायीं मुळांतच आहे, कोणी दिलेलें नाहीं. पाचकत्व, म्हणजे आचारीपणा, ही उपाधि; मनुष्य स्वयंपाक करतो म्हणून तो आचारी. दहाव्या शतकांत होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनीं आपल्या 'किरणावली'त एखादा धर्म जाति कां होऊं शकत नाहीं, याचीं सहा कारणें दिलीं. त्यांतलें एक संकर. दोन धर्म एकमेकांवांचून स्वतंत्रपणें राहतात आणि तिसऱ्याच ठिकाणीं एकत्र नांदतात, असें आढळलें तर दोन्ही जाति असूं शकत नाहींत. भूतत्व आकाशांत आहे पण तेथें मूर्तत्व नाहीं. मूर्तत्व मनांत आहे पण तेथें भूतत्व नाहीं. आणि पृथ्वींत दोन्ही आहेत. हें त्यांचें ठराविक उदाहरण.

आतां आमची परात या कसोटीला लावून पाहूं. आंबा अश्मगर्भी आहे, पण सुक्या मेव्यांत मोडत नाहीं. हेझेल मेव्यांत मोडतें, पण अश्मगर्भी नाहीं. बदामांत दोन्ही धर्म एकत्र नांदतात. संकर स्पष्ट आहे. दोहोंपैकीं एकालाच जातीचा मान द्यावयाचा तर तो फळाच्या घडणीला द्यावा लागेल, मेवेपणाला नव्हे. कारण मेवेपणा खाणाऱ्याच्या दातांवर व तिजोरीवर अवलंबून आहे. येथपर्यंत भाचा जिंकला. पण नैयायिकांनीं उपाधीला खोटी म्हटलेलें नाहीं, हें विसरून चालणार नाहीं. आचारीपणा जाति नव्हे म्हणून आचारी नाहींतच असें कोणी म्हणूं लागला, तर त्याला लग्नघरांत उपाशीच बसावें लागेल. बदाम कपाली नसेल. पण फोडून खाण्याच्या गरांच्या मंडळींत तो खराखुरा आहे. भाच्याची चूक झाली ती ही कीं, त्यानें एका धर्माच्या नांवानें दुसरा धर्म नाकारला.

येथें एक गोष्ट लिहितांना लेखणी थोडी अडखळते, पण ती टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. इतका सूक्ष्म भेद करणारे हेच नैयायिक, आणि त्यांच्या जोडीला मीमांसक, ब्राह्मणत्व ही गोत्वासारखी खरी जाति आहे असें आग्रहानें सांगत. आणि बौद्ध पंडित तें खोडून काढीत. आचाऱ्याच्या बाबतींत ज्यांना उपाधि स्पष्ट दिसली त्यांना त्याच आचाऱ्याच्या जानव्यांत ती दिसूं नये, याचें कारण तर्काची उणीव हें नव्हे. वर्गवारी करणारा स्वतः त्या वर्गवारींत कोठें बसला आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतें. फळांच्या बाबतींत आपण एवढ्या शांतपणें बोलूं शकतों, याचें कारण फळें उलट बोलत नाहींत.

शास्त्र व स्वयंपाकघर यांखेरीज तिसरी एक सत्ता या प्रांतांत आहे, ती सरकारची. १९८८ पासून अमलांत असलेल्या आंतरराष्ट्रीय जकातीच्या वर्गवारींत आठवा अध्याय खाण्याचीं फळें व नट यांचा आहे. त्यांत नारळ, काजू व ब्राझील नट एका कलमांत. बदाम, अक्रोड, पिस्ते, चेस्टनट आणि चक्क सुपारी पुढच्या कलमांत. भुईमुगाला मात्र बाराव्या अध्यायांत तेलबियांच्या वस्तींत घर मिळालें आहे. ही मांडणी ना वनस्पतिशास्त्राची, ना स्वयंपाकघराची. ती गोदीवर उभ्या असलेल्या कारकुनाची आहे, आणि त्याच्या कामाला ती पुरते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें १८८९ मध्यें परदेशांतून आणलेल्या पांढऱ्या घेवड्याचा खटला आला होता. व्यापारी म्हणे, हीं बीजें आहेत, तेव्हां जकात बीजांची लावा. न्यायालयानें सांगितलें कीं, वनस्पतिशास्त्रांत घेवडा बीज असेल, पण तसा तर अक्रोडहि बीजच आहे. व्यापारांत व लोकांच्या बोलण्यांत दोहोंनाहि कोणी बीज म्हणत नाहीं. पुढें १८९३ मध्यें टोमॅटो फळ कीं भाजी हा प्रश्न आला, तेव्हां याच निकालाचा आधार घेतला गेला.

सुपारीचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतों. तीच सुपारी तांदळाच्या राशीवर ठेवली कीं गणपति होते, जेवणानंतर कातरली कीं पाहुणचार होते, जकातीच्या तक्त्यांत नट होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या खंडांत तिची गणना मनुष्यास निश्चितपणें कर्करोग करणाऱ्या पदार्थांत झालेली आहे. यांतलें कोणतेंहि एक नांव दुसऱ्याला खोटें पाडीत नाहीं. पण पानाचा डबा पुढें करणारा यजमान त्यांतलें कोणतें नांव उच्चारतो आणि कोणतें गिळतो, हा शब्दार्थाचा प्रश्न उरत नाहीं.

आमच्या घरांतहि अशी एक स्वतंत्र वर्गवारी पिढ्यान्‌पिढ्या नांदते, ती उपासाची. एकादशीला मूग चालत नाहीं, भुईमूग चालतो. गहूं-तांदूळ चालत नाहींत, साबुदाणा व बटाटा चालतो. भाच्यानें एकदां आमच्या मातोश्रींना सांगून पाहिलें कीं, आजी, शेंगदाणा हें शास्त्रानें कडधान्यच आहे. त्या म्हणाल्या, "तुझ्या शास्त्राला एकादशी करावयाची नाहीं, मला करावयाची आहे." आम्हांस हें उत्तर वाटतें तितकें अडाणी वाटत नाहीं. उपासाची यादी हा वनस्पतींविषयींचा सिद्धान्त नव्हेच. रोजच्या अन्नाला एक दिवस सुट्टी देण्याचा तो घरगुती नियम आहे, आणि नियम मोडला कीं नाहीं हें ज्यानें तो केला त्याच्या हेतूवरून पाहावयाचें असतें. (त्या रोजच्या अन्नाहून साबुदाण्याची खिचडी अधिक जड असते, ही गोष्ट निराळी.)

इतका सगळा विचार आम्ही त्या दिवाळीपूर्वींच केला असता तर 'ज्याचें त्याचें नांव आपापल्या ठिकाणीं खरें' असा निकाल देऊन लेख संपविला असता. पण लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीं शेजारची एक तरुण बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन फराळाला आली. मुलानें ताटांतल्या हिरव्या बर्फीकडे हात नेला तेव्हां ती म्हणाली, "काकू, याला काजू चालत नाहींत हं. अंगावर उठतें." आमच्या सौभाग्यवतीनें तत्काळ सांगितलें, "काजूचा कण नाहीं ग यांत. निव्वळ पिस्ता आहे. घे बाळा." आम्ही शेजारीं बसलों होतों, आम्हींहि मान डोलावली. मुलानें बर्फी खाल्ली. दहा मिनिटांत त्याचे ओंठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, तो ओकूं लागला आणि मग श्वास घेतांना त्याच्या छातींतून शिट्टीसारखा आवाज येऊं लागला. दिवाळीच्या गर्दींतून त्याला दवाखान्यांत नेईपर्यंतचा वेळ आम्हीं कसा काढला तें लिहवत नाहीं. डॉक्टरांनीं मांडींत ॲड्रेनॅलिनचें इंजेक्शन दिलें, आणि मुलगा थोड्या वेळानें मोकळा श्वास घेऊं लागला. नंतर डॉक्टरांनीं शांतपणें विचारलें, "काजू चालत नाहीं हें माहीत असून पिस्ता कसा दिला? तीं दोन्हीं एकाच कुळांतलीं. ज्याला एक बाधतो त्याला बहुधा दुसराहि बाधतो."

घरीं परत आल्यावर सौभाग्यवती रडूं लागली. आम्हीं तिचें समाधान करण्यासाठीं म्हटलें कीं, तूं खोटें बोलली नाहींस. बर्फींत काजू खरोखरच नव्हता. हें शब्द तोंडांतून बाहेर पडतांच आम्हांस त्यांचा पोकळपणा जाणवला. योगसूत्रांवरील व्यासभाष्यांत सत्याची जी चिकित्सा आहे ती त्या रात्रीं आठवली. भाष्यकारांच्या मतें वाणी सत्य ठरावयाची तर ती फसविणारी नसावी, भ्रान्तहि नसावी, आणि शिवाय ऐकणाराला जें कळावयास हवें तें कळविण्याच्या कामीं वांझ नसावी. आमचें वाक्य पहिल्या दोन कसोट्यांस उतरलें होतें. तिसरीला उतरलें नाहीं. त्या मातेनें 'काजू' हा शब्द उच्चारला खरा. पण तिचा प्रश्न काजूविषयीं नव्हता, मुलाविषयीं होता. आम्हीं शब्दाला उत्तर दिलें आणि प्रश्न तसाच राहिला.

यावर कोणी म्हणेल, आम्हांस ठाऊकच नव्हतें, मग दोष कसला? हा युक्तिवाद आम्हीं स्वतःशीं पुष्कळ वेळां करून पाहिला. अज्ञान हा दोष नव्हे, हें खरें. परंतु त्या क्षणीं आम्हांस आपल्या अज्ञानाची शंकाहि आली नाहीं, आणि शंका न येण्याइतका विश्वास आम्हांस कशानें दिला? डब्यांवरच्या नांवांनीं. काजूचा डबा वेगळा, पिस्त्याचा वेगळा; म्हणून पदार्थहि वेगळे. स्वयंपाकघराची वर्गवारी स्वयंपाकासाठीं होती, आणि आम्हीं ती एका मुलाच्या देहाला लावली. एका कामासाठीं केलेलें नांव दुसऱ्या कामाला नेतांना एक वेळ थांबून विचारणें, एवढें तर आमच्या हातांत होतें.

भाच्याला हें कळलें तेव्हां तो फार हळहळला. पण त्याच्या हळहळींत थोडा विजयहि होता, आणि तो त्याच्या वयाला साजेसा होता. "पाहा मामा, कुळ ठाऊक असतें तर हें टळलें असतें." खरें आहे. परंतु येथेंहि निकाल इतका सरळ नाहीं. ज्या मुलांना शेंगदाणा बाधतो त्यांपैकीं बहुतेकांना त्याचीं सख्खीं भावंडें, म्हणजे मूग, तूर, वाटाणा, बाधत नाहींत; उलट कुळानें अगदीं परका असलेला एखादा मेवा बऱ्याच जणांना बाधतो. रोग्याचें रक्त ना आमचे डबे पाहतें, ना लिनीअसचीं पुस्तकें; तें प्रथिनाच्या कणांची ठेवण पाहतें. पुष्कळदां ती ठेवण कुळाबरोबर चालते. म्हणून काजू-पिस्त्याच्या बाबतींत वनस्पतिशास्त्र आमच्या उपयोगीं पडलें असतें. शेंगदाण्याच्या बाबतींत तेंच शास्त्र एखाद्या आईला विनाकारण वरण बंद करावयास लावील.

सरकारांनाहि हा पेंच चुकलेला नाहीं. अमेरिकेनें २००४ मध्यें कायदा करून वेष्टनावर बाधक पदार्थांचीं नांवें छापणें सक्तीचें केलें, आणि त्यांत वृक्षावर येणारे 'नट' घातले. मग नट म्हणजे कोणकोणते, याची यादी करण्याची वेळ आली. त्या यादींत नारळहि जाऊन बसला. अनेक वर्षें तो तेथें होता. अखेरीस जानेवारी २०२५ मध्यें तेथील अन्न व औषध खात्यानें नारळालाच नारळ दिला. चिलगोज्याच्या जातीचीं बीजें अमेरिकेच्या यादींत आहेत, युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमांतील यादींत नाहींत. आणि चेस्टनट, जी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें निर्विवाद कपाली, तिला या दोहोंतहि स्थान नाहीं. आपल्याकडेहि २०२० च्या नियमांनीं वेष्टनावर भुईमूग आणि वृक्षावरील नट यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागतो. पुष्कळांना हा सगळा गोंधळ वाटतो. आम्हांस पूर्वीं वाटला असता. आतां त्यांत नारळ काढतांना ज्या माणसांनीं सही केली त्यांच्या मनाची चिंता आम्हांस दिसते: चुकून एखादें नांव गळलें तर कोणाच्या तरी घरीं दिवाळी विझेल, आणि उगीच जास्त घातलें तर लोक यादीच वाचेनासे होतील. घरीं केलेल्या बर्फीला मात्र वेष्टन नसतें. तेथें यादी म्हणजे वाढणाऱ्याचें तोंड.

संक्रान्तीला तो मुलगा आईबरोबर तिळगूळ घ्यावयास आला. ती येईल कीं नाहीं याची आम्हांस धास्ती होती, ती आली. सौभाग्यवतीनें वड्यांचें ताट आणलें, पण पुढें केलें नाहीं. ती एकेक जिन्नस सांगूं लागली, आणि ती बाई एकेकाला उत्तर देऊं लागली. तीळ? चालतात. गूळ? चालतो. शेंगदाण्याचें कूट? चालतें, डॉक्टरांनीं तपासून सांगितलें आहे. सुकें खोबरें? चालतें. वेलची? चालते. वड्यांवर शोभेसाठीं चारोळी लावली होती. तेथें दोघीहि थांबल्या. आम्ही म्हटलें, ती काजूच्याच कुळांतली. सौभाग्यवती ताट तसेंच आंत घेऊन गेली, आणि नुसत्या तीळ-गुळाचे लाडू वेगळ्या डब्यांत बाजूला काढलेले होते, ते घेऊन आली. मुलगा तोंवर हात पुढें करून उभा होता.